उभ्या पाण्याचा फोटो

चोरबोगच्या पुलाजवळ कालव्याला लोखंडी दार आहे. ते दार तुरोबने आयुष्यभर चढवलं आणि उतरवलं. चाक दोन्ही हातांनी धरायचं, डावा पाय खांबाला लावायचा आणि पाठ ताठ ठेवून ओढायचं. वाकून ओढणारा पाटकरी दोन हंगामांत अंथरूण धरतो. तुरोबने अंथरूण कधी धरलं नाही. आट्यांना वंगण त्याने स्वतः लावलं, दाराखालचा गाळ स्वतः उपसला, आणि कुणाच्या पाळीतलं ओंजळभर पाणी कधी दुसऱ्याला दिलं नाही. सख्ख्या मेव्हण्यालाही नाही. त्यावरून बायकोने, सादबर्गने, एक आख्खा उन्हाळा त्याच्याशी तोंडापुरतं बोलणं ठेवलं होतं.

पाटकऱ्याचं काम नीट झालं तर कुणाला दिसत नाही. पाणी आलं की लोक वर बघून देवाचे आभार मानतात. नाही आलं की पुलाकडे बघून शिव्या देतात. तुरोबला याचा राग नव्हता, पण सल होता. निवृत्तीचं वर्ष जवळ आलं तसा तो वाढला. एवढ्या वर्षांत त्याच्या हातून किती पाणी गेलं, आणि त्यातल्या एका थेंबावरही त्याचं नाव नव्हतं.

नाव घालता येईल अशी एकच गोष्ट त्याच्याकडे होती. जुना रशियन कॅमेरा. सामूहिक शेतीच्या दिवसांत क्लबमध्ये भित्तिपत्रक निघायचं. त्याचे फोटो काढायला तो तिथे शिकला. पुढे शेती मोडली, क्लबचा कारभार थंडावला, कॅमेरा तुरोबकडेच राहिला. परत मागायला कुणी उरलं नव्हतं.

मग एका नवरोजला नगरपालिकेने पुलावर दिवे लावले. साधेच बल्ब, रोगणात बुडवून रंगवलेले. लाल, पिवळे, हिरवे. निळं रोगण मिळालं नाही म्हणून निळा नाही. पुलापलीकडे जुराचा चहाखाना होता. त्यानेही ईर्ष्येने तुतीच्या झाडावर माळ चढवली. तिन्हीसांजेला हे सगळं कालव्यात उतरायचं. दाराच्या फळीवर उभं राहून वर पुलाकडे पाहिलं की पाण्यात दुसरा पूल दिसायचा, पण तुकड्यातुकड्यांनी. वाहतं पाणी लाल रंग ओढून हिरव्यात नेत होतं, पिवळ्याच्या चिंध्या करत होतं.

तुरोबने फोटो काढायला सुरुवात केली. कॅमेरा चाकाच्या खांबाला पट्ट्याने आवळायचा. झडप उघडी ठेवायची आणि श्वास धरायचा. पुलावरून गाडी आली की डोक्यावरची टोपी काढून भिंगापुढे धरायची, गाडी गेली की बाजूला घ्यायची. फिल्म धुवायला खुजंदला जाणाऱ्या कुणाच्या तरी हाती पाठवायची. फोटो यायचे. रंग असायचे. पण पूल कधी अख्खा उमटला नाही.

चहाखान्यात लोकांना करमणूक झाली.

"तुरोब-आको," जुरा केटली घेऊन येता येता, थोरल्या भावाला लावतात तसं आको लावून, म्हणायचा, "आज पाण्याने केस विंचरले होते ना? फोटोत बरं दिसायला हवं."

"विंचरू दे की. तुझ्या टकलापेक्षा पाणी बरं दिसतं," तुरोब म्हणायचा.

होशिम मात्र थट्टा करत नसे, नुसता वैतागायचा. त्याची जर्दाळूची बाग चारीच्या अगदी शेपटाला होती, दगडगोट्यांच्या जमिनीत. तिथवर पाणी पोचायचं ते थकून. "आम्ही इकडे पाणी पुरवून पुरवून वापरतो," तो म्हणायचा, "आणि हा बसलाय त्याचे रंग बघत. अरे, पाण्याला रंग नसतो, ओल असते."

फोटो खरोखर बघायचा तो एकटा इनोम. होशिमच्या अलीकडे त्याचं भाजीचं शेत होतं. वयाने तुरोबपेक्षा बराच लहान, तोंडाने फटकळ. पण फोटो हातात घेण्यापूर्वी हात चोग्याला पुसायचा आणि कडेने धरायचा.

"इथं बघा आको, लाल फाटलाय. आणि हा हिरवा, कुणीतरी ओरबाडल्यासारखा."

"पाणी वाहतंय, बाबा. त्याला कसं सांगू, जरा थांब म्हणून?"

"तुम्ही नाही तर कोण सांगणार? चाक तुमच्या हातात आहे!" इनोम हसला. सगळे हसले. तुरोबही हसला.

आता पाळीची रीत सांगायला हवी. वसंतात चहाखान्यात टोपीतून खडे उचलून पाळ्या ठरतात. कागदावर काही नसतं. ज्याची पाळी, त्याने आपल्या घरचा कंदील दाराच्या खांबाला टांगायचा आणि मग खाली शेतात जाऊन दारं धरायची. कंदील बघून पाटकऱ्याला कळतं, येणाऱ्या-जाणाऱ्यालाही कळतं, पाणी कुणाचं चाललंय. प्रत्येक घराचा कंदील वेगळा. होशिमचा निळ्या काचेचा. त्याचा बाप रेल्वेत सांधेवाला होता, त्याचा तो. दुसऱ्याच्या कंदिलाला चोरबोगमध्ये कुणी हात लावत नाही. वाऱ्याने विझला तरी मालकाला हाक मारतात. गेलेली पाळी भरून देण्याची रीत नाही. ज्याचा वेळ, त्याचा वेळ. मागेपुढे करायला लागलं तर शेवटच्या माणसाला नुसता चिखल मिळेल.

तुरोबच्या शेवटच्या हंगामात खुजंदहून क्लबवर चिठ्ठी आली. प्रांताचं फोटोप्रदर्शन भरणार होतं, कुणीही फोटो पाठवावा. तुरोबच्या डोक्यात ते बसलं. येत्या थंडीत चाक दुसऱ्याच्या हाती जाणार होतं. त्याआधी एक फोटो, अख्खा, खाली नाव असलेला. बाकी काही नको.

वारा पडलेली सांज जून महिन्यात क्वचित मिळते. ती मिळाली तेव्हा खांबावर निळा कंदील होता. होशिम तो टांगून, "येतो रे," म्हणून फावडं खांद्यावर टाकून बागेकडे गेला होता. जर्दाळू भरण्याचे दिवस होते. पाळी सूर्यास्तापासून मध्यरात्रीपर्यंतची.

आकाश अजून काळं झालं नव्हतं. पुलावरचे दिवे लागले. तुरोबने कॅमेरा आवळला, भिंगातून पाहिलं. पानसुद्धा हलत नव्हतं. फक्त पाणी हलत होतं.

वाटीभर चहा पिण्याइतका वेळ, त्याने स्वतःला सांगितलं. होशिमची चारी लांब आहे, मध्ये एवढीशी खोट पडली तर त्याला जाणवणारही नाही. त्याने पाय खांबाला लावला आणि दार पार तळापर्यंत उतरवलं. जूनमध्ये दार तळापर्यंत नेत नाहीत. वरून पाणी रेटतं, खाली गाळ धरतो. हे त्याला ठाऊक होतं. नव्या पोरांना तोच शिकवायचा.

पाणी लगेच थांबलं नाही. आधी दाराला धडकून मागे फिरलं, मग काठाशी घुटमळलं. वरचा सांडवा वाजू लागला. हळूहळू लाटांच्या सुरकुत्या झाल्या आणि सुरकुत्या निवल्या. पाण्यातला पूल वर आला. एकेक दिवा जागच्या जागी, लाल लाल, हिरवा हिरवा. तुरोबने असं कधी पाहिलं नव्हतं. एवढी वर्षं तो या पाण्याशेजारी राहिला आणि त्याचा चेहरा आज बघत होता.

पण चौकटीची डावी बाजू रिकामी वाटत होती. सगळं तांबडं-पिवळं. तिथे निळं काहीतरी हवं होतं. त्याने खांबावरचा कंदील काढला, फळीच्या टोकाच्या आकड्याला टांगला आणि पुन्हा भिंगातून पाहिलं. निळ्याची एक सरळ रेघ पाण्यात उतरली. आता बरोबर होतं.

पहिल्या वेळी गाडी आली. दुसऱ्या वेळी तुतीचं पिकलं फळ पाण्यात पडलं आणि वर्तुळं काठापर्यंत गेली. ती निवेपर्यंत थांबावं लागलं. तिसऱ्या वेळी त्याने श्वास धरला, झडप उघडली, मिटली. फोटो मिळाला हे त्याला कागदावर बघण्याआधीच कळलं. त्याने कंदील परत खांबावर लावला आणि चाकाला हात घातला.

चाक हललं नाही.

त्याने पाठ ताठ करून ओढलं. मग पाठ वाकवून ओढलं. दार गाळाने धरलं होतं आणि वर चढलेल्या पाण्याने दाबलं होतं. त्याने पहार आणली, चाकाच्या आऱ्यांत अडकवली आणि अंगाचा सगळा भार टाकला. पहार सटकली, दोन्ही तळव्यांची सालं निघाली. खाली पाण्यात उतरून त्याने दाराच्या खाचेतला गाळ काठीने मोकळा केला, पुन्हा वर आला, पुन्हा पहार घातली. हाक मारली असती तर चहाखान्यातून चार माणसं धावली असती. त्याने हाक मारली नाही. धावलेल्या माणसांनी आधी विचारलं असतं, दार पाडलं कुणी?

दार सुटलं तेव्हा होशिमची बहुतेक पाळी सरली होती. पाणी घुसळत चारीला गेलं. रंगांच्या पुन्हा चिंध्या झाल्या.

थोड्या वेळाने फावडं घेऊन होशिम चारीच्या काठाने धापा टाकत वर आला. बाग कोरडीच राहिली म्हणून, वाट पाहून पाहून, तो शेवटी पाण्याचा माग काढत निघाला होता. दारापाशी पोचला तर पाणी भरून वाहत होतं.

"तुरोब, पाणी कुठंय माझं?"

"हे काय. चाललंय की."

"आत्ता चाललंय. मगाशी कुठं होतं?"

तुरोबने हात पाठीमागे घेतले. "दार उघडंच आहे," तो म्हणाला.

होशिमने दाराकडे पाहिलं, पाण्याकडे पाहिलं. मग त्याचा चेहरा बदलला. "इनोमचं शेत ओलं आहे. येताना माझा पाय घोट्यापर्यंत रुतला तिथं."

इनोमची स्वतःची पाळी त्याच दिवशी दुपारी झाली होती. शेत ओलंच असणार. ते तुरोबइतकं कुणालाच ठाऊक नव्हतं. दुपारचं दार त्यानेच उघडलं होतं.

"खाल्लं लेकाने माझं पाणी," होशिम म्हणाला. "मिसरूड फुटायच्या वयात बांध फोडला होता त्याने, आठवतं? ती खोड मरतेय होय!"

तुरोब काही बोलला नाही. होशिमने न बोलण्याचा अर्थ लावायचा तोच लावला.

घरी सादबर्गने हात पाहिले. "हे काय झालं?"

"पहार सटकली."

"तुमची?" ती म्हणाली, आणि लोणी गरम करायला गेली.

पुढची पाळी येईपर्यंत होशिमच्या बागेत जर्दाळूंनी देठ सोडले. कच्चीच फळं झाडाखाली पडली, सुरकुतलेली, बकऱ्याही हुंगून सोडून देत होत्या. होशिम ती टोपलीत भरून चहाखान्यात घेऊन आला आणि इनोमच्या पुढ्यात ओतली.

"खा. तुझ्यामुळे पिकलीत."

इनोमने आधी हसून बघितलं. मग कुणीच हसत नाही हे त्याच्या ध्यानात आलं. त्याने खाण्यासाठी अंथरलेल्या दस्तरखानावरचं नान उचललं, डोळ्यांना लावलं. "मी पाण्याला हात लावला असेल तर हे नान मला मारो."

"नान खाली ठेव," होशिम म्हणाला. "त्याला कशाला बाटवतोस?"

"आको!" इनोम तुरोबकडे वळला. "तुम्ही होता ना दारावर? सांगा यांना. दुपारची माझी पाळी होती की नाही?"

"होती," तुरोब म्हणाला.

"ऐकलंत?"

"दुपारची होती म्हणाला," होशिम म्हणाला. "रात्री काय झालं ते नाही म्हणाला तो. तू सांग तुरोब, रात्री दार बंद होतं का?"

एक शब्द पुरे होता. तुरोबच्या खिशात त्याच सकाळी खुजंदहून आलेला फोटो होता. पूल अख्खा उमटला होता. तो आज इनोमलाच दाखवायचा, असं ठरवून तो आला होता.

"दार मी बंद कशाला करीन?" तुरोब म्हणाला.

त्या दिवसापासून चहाची वाटी फिरताना इनोमपाशी आली की जुरा ती त्याच्या हातात देईना, समोर ठेवायचा. बोलून कुणी काही केलं नाही. चोरबोगमध्ये एवढंच करतात. इनोमने काही दिवस समोर ठेवलेली वाटी उचलली. मग तो यायचाच बंद झाला. फोटो कुणी हात पुसून बघेनासं झालं. तुरोबने तो जाड कागदात गुंडाळून प्रदर्शनाला पाठवून दिला.

उन्हाळ्याच्या शेवटी इनोमच्या मुलीचं, मोहिराचं लग्न निघालं. सोयरे वरच्या अंगाला सरचश्मा गावचे. पहाटेच्या ओशला, लग्नाच्या पुलावाला, सारा मोहल्ला यायचा असतो. इनोमने सगळ्यांना पुरेल एवढी कढई चढवली, गाजरं स्वतः चिरली. कर्नायच्या लांब तुताऱ्या वाजल्या. सोयऱ्यांकडची माणसं टोप्या नीट करून रांगेत बसली. यजमानांकडच्या बाकांवर इनोमचे दोन भाऊ, एक म्हातारा इमाम आणि तुरोब. बाकी रिकामं.

सादबर्गनेच त्याला उठवून पाठवलं होतं. "जा. आणि पोटभर जेवा," एवढंच म्हणाली होती.

इनोमने स्वतः ताट आणून ठेवलं. मांसाचा मोठा तुकडा तुरोबच्या बाजूला. "तुम्ही आलात आको. तेवढं पुरे."

तुरोबने तो तुकडा खाल्ला. समोर सरचश्म्याचा एक माणूस शेजाऱ्याच्या कानाला लागला होता. कढईत काठापर्यंत भात उरला.

शरदात खुजंदहून मोटार आली. तुरोबच्या फोटोला बक्षीस मिळालं होतं. तो मोठा करून, काच-चौकटीत बसवून, गावाच्या मानासाठी गावच्याच क्लबमध्ये लावायला पाठवला होता. हे तुरोबच्या ध्यानीमनी नव्हतं. फोटो खुजंदला राहील अशीच त्याची कल्पना होती. पण पितळी पट्टीवरचं नाव त्याने वाचलं, पुन्हा वाचलं, आणि बाकीचं विसरला. प्रांताहून आलेल्या बाईंनी चार शब्द सांगितले. डाळिंब फोडून पाण्यात टाकल्यासारखे रंग आहेत म्हणाल्या. टाळ्या झाल्या. बाई गेल्या.

मग गावातली माणसं पुढे सरकली. होशिम सगळ्यांत पुढे. त्याने नाक काचेला लावलं आणि एकदम ओरडला, "अरे, हा माझा कंदील! माझ्या बापाचा कंदील! जुरा, ये, बघ. बक्षीस माझ्या कंदिलाला मिळालंय. अर्धं नान मला द्या!"

लोक हसले. होशिमने तुरोबच्या पाठीवर थाप मारली. "लेका, सांगायचं तरी. काच पुसून दिली असती."

तुरोबही हसत होता. हसता हसता त्याची नजर फोटोवर गेली, आणि एवढ्या महिन्यांत पहिल्यांदा त्याने फोटोतले रंग सोडून पाणी पाहिलं.

होशिमचंही हसू थांबलं होतं. तो काचेपासून एक पाऊल मागे आला. त्याने आयुष्यभर त्या पाण्याची वाट पाहिली होती. ते कसं वाहतं आणि कधी उभं राहतं, हे त्याला कुणी समजावून द्यायला नको होतं.

"पाणी उभं आहे," तो म्हणाला.

जुराही पुढे येऊन बघू लागला.

"माझा कंदील लागलाय आणि पाणी उभं आहे. झाडावर तुतीची फळं आहेत, म्हणजे जून. जूनमध्ये माझा कंदील एकदाच लागला तिन्हीसांजेला." त्याने बोट काचेवर टेकवलं. "आणि हा खांबावर नाही. फळीवर आहे. कुणी हलवला?"

तुरोबने आपल्या हातांकडे पाहिलं. तळव्यांवर नवी कातडी आली होती, गुलाबी, बाकीच्या हाताशी न जुळणारी. मागे बायकांच्या घोळक्यातून सादबर्गचा आवाज आला, फार मोठा नाही. "पहार सटकली म्हणाला होतात."

"थोडाच वेळ पाडणार होतो," तुरोब म्हणाला. "दार अडकलं."

होशिमने त्याला शिवी दिली नाही. दिली असती तर बरं झालं असतं. तो इनोमला शोधत इकडेतिकडे बघू लागला. इनोम दारात उभा होता. टाळ्या ऐकून आला असावा. त्याला वाट करून दिली गेली. तो फोटोपाशी आला, सवयीने हात चोग्याला पुसले आणि बराच वेळ बघत राहिला.

"लाल कुठेच फाटला नाही," तो म्हणाला. "चांगला आलाय, आको."

आणि निघून गेला.

दुसऱ्या दिवशी तुरोब नान घेऊन त्याच्या घरी गेला. इनोम अंगणात मुळे धूत होता. त्याने नान घेतलं नाही, आत या म्हणाला नाही.

"मी चुकलो, इनोम."

"चुकलात ते त्या सांजेला. चहाखान्यात तुम्ही चुकला नाहीत, तुम्ही ठरवलंत." त्याने मुळा पाण्यातून काढून झटकला. "होशिम काल रात्रीच येऊन पाया पडून गेला. जुराने घरी केटली पाठवली. इथलं झालं. पण सरचश्म्यात माझी पोर झऱ्यावर गेली की बाया म्हणतात, घागरी सांभाळा ग, पाणीचोराची लेक आली. तिथं कोण सांगणार?"

"मी सांगतो."

"तुमच्या शब्दावर विश्वास ठेवायला ते काय चोरबोगचे आहेत?" इनोम म्हणाला. "तो फोटो घ्या. दाखवा त्यांना."

तुरोबने तो स्वतः भिंतीवरून उतरवला. गोधडीत गुंडाळला, दोराने पाठीला बांधला. गाडी ओढ्यापर्यंतच जाते, पुढे चढण आहे. काच-चौकट जड होती. दोर खांद्यात रुतत होता आणि वळणावर वारा चौकटीला धरून त्याला कड्याकडे लोटत होता. तो पाठ ताठ ठेवून पावलं टाकत होता. इनोम पुढे चालत होता, हात मागे बांधून. त्याने एकदाही ओझ्याला हात लावला नाही. तुरोबच्या मनात एकदा आलं की पाय घसरला तर काच फुटेल आणि सगळं संपेल. मग तो आणखी जपून चालू लागला.

मोहिराच्या सासऱ्याने दोघांना बैठकीत घेतलं. थकलेला, साधा माणूस, गवंडीकाम करणारा. चौकट भिंतीला टेकवून ठेवली. घरातली सगळी माणसं जमली. दारात मोहिराही येऊन उभी राहिली.

"वा!" म्हातारा म्हणाला. "काय सुंदर आहे हो! जसं काही..."

"सुंदर नाही," तुरोब म्हणाला. "हे दार आहे. इथं खाली, चौकटीबाहेर. ते मी पाडलं, म्हणून पाणी असं दिसतंय. ते पाणी दुसऱ्याच्या पाळीचं होतं. इनोमने घेतलं नाही. मी अडवलं."

म्हाताऱ्याला नीट उमगलं नाही. तुरोबला पुन्हा सांगावं लागलं, बोट लावून, एकेक दिवा दाखवून. त्या फोटोतली कुठलीच गोष्ट त्याने कुणाला इतकी नीट दाखवली नव्हती.

"आणि हा निळा दिवा?"

"ज्याची पाळी होती त्याचा."

"त्यानेच इथं टांगला?"

"मी हलवला."

"का?"

"तिथं निळा रंग कमी पडत होता," तुरोब म्हणाला.

म्हातारा पुढे वाकला आणि त्याने पितळी पट्टीवर बोट फिरवलं. "खाली नाव लिहिलंय ते कुणाचं?"

"माझं."

"मग हा इथंच ठेवून जा. झऱ्यावरच्या बायांच्या नवऱ्यांना मी एकेकाला बोलावून दाखवीन. नावही वाचून दाखवीन."

इनोमने मान हलवली. मोहिरा चहा घेऊन आली. लहानपणी ती दाराच्या फळीवर बसून पाण्यात पाय सोडायची आणि तुरोब तिला ओरडायचा. तिने आधी सासऱ्याच्या हातात वाटी दिली, मग बापाच्या हातात. तिसरी भरली आणि तुरोबच्या पुढे, दस्तरखानावर ठेवली.

तुरोबने थोडा वेळ वाट पाहिली. मग वाकून स्वतःच उचलली.